बुधीबायची साक्ष

पोलिसातली बाई निवृत्त झाली की लोक तिला दोन गोष्टी हमखास विचारतात. कधी गोळी झाडली का, आणि कधी भीती वाटली का. गोळी मी फक्त सरावाच्या मैदानात झाडली. भीती पुष्कळदा वाटली, पण ती चोर-दरोडेखोरांची नव्हे. समन्स घेऊन एखाद्या पाड्यावर गेलं की दारातली बाई शांतपणे काहीतरी विचारायची आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नसायचं. त्याची भीती वाटायची.

माझी नोकरी जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत झाली, आणि त्यातली बरीच वर्षं कोर्टाच्या कामावर गेली. गुन्हा नोंदला, आरोपी पकडला, कागद कोर्टात गेले की काम संपलं असं बाहेरच्यांना वाटतं. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. साक्षीदार शोधायचे, त्यांना समन्स बजावायचं, तारखेला कोर्टात हजर करायचं, आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत ते चहाच्या निमित्ताने स्टँडवर जाऊन घराकडची जीप धरणार नाहीत एवढं बघायचं. इकडे दिवाळी झाली की निम्मे पाडे वीटभट्टीवर जातात. कोर्टाची तारीख नेमकी त्याच दिवसांत पडते. दाभोशाचा साक्षीदार भिवंडीत सापडायचा आणि वांगणीचा वसईत. मग पुढची तारीख.

गुन्हे म्हणाल तर बहुतेक साधेच. सगळ्यांत जास्त दारूबंदीचे. मोहाची दारू गाळणं, बाळगणं, विकणं. कायद्यात त्याला कैद लिहिलेली आहे आणि दंडही. एकदा न्यायाधीश साहेबांनी एका म्हातारीला विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" ती म्हणाली, "दारू कबूल हाय. गुन्हा कोणता ते तू सांग." इकडच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना अरे-तुरेच असतं, साहेबांना ते ठाऊक होतं. ते खाली बघून हसले. दारूखालोखाल मारामारी. नुसत्या हाताने मारलं तर एक वर्षापर्यंत कैद, कोयता-कुऱ्हाड किंवा तशा हत्याराने मारलं तर तीन वर्षांपर्यंत. चोरीला तीन वर्षांपर्यंत. जिवे मारण्याची धमकी, जुगार, बायकोचा छळ. हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. मी निवृत्त होता होता नवा कायदा आला आणि सगळी कलमं बदलली. तीनशे दोनचं एकशे तीन झालं. किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेचीही शिक्षा आली. पोलीस ठाण्यातली जुनी माणसं अजून बोलताना जुनंच कलम बोलतात.

तीनशे दोन म्हणजे खून. आमच्या भागात तसे गुन्हे कमी, पण त्यातलाच एक माझ्या मनातून जात नाही. तोच सांगते. नावं बदलली आहेत, आणि पाडा कोणता तेही लिहीत नाही. वांगणीच्याही पुढे, रस्ता संपल्यावर चालत जावं लागतं एवढं पुरे.

त्या पाड्यावर काळू नावाचा माणूस राहायचा. घरात त्याची बायको मंगल, मुलगी तारा आणि म्हातारी आई बुधीबाय. भात आणि नाचणीपुरती जमीन. भात झोडून झालं की सगळी भट्टीवर जायची. मंगलचं माहेर साखरशेतचं. तिचा धाकटा भाऊ महादू दरवर्षी झोडणीला मदतीला यायचा. तो आणि काळू मेहुणे कमी आणि मित्र जास्त होते. नदीला मासे धरायला जायचे तर दोघंच.

त्या वर्षी ताराला भट्टीवर न्यायचं नाही, आश्रमशाळेत घालायचं असं मंगलने ठरवलं होतं. काळूला ते मान्य नव्हतं. पोरीचे दोन हात भट्टीवर उपयोगी पडतात. चार दिवस घरात धुसफूस चालली. मग एका दुपारी काळू पिऊन आला, आणि थोड्या वेळाने महादूने घरातलं मुसळ उचलून त्याच्या डोक्यात घातलं. एकच घाव.

पाड्यावरच्या माणसांनी घोंगडी बांबूला बांधून झोळी केली आणि काळूला रस्त्याकडे घेऊन निघाले. झोळीचा पुढचा बांबू महादूच्या खांद्यावर होता. त्याने तो वाटेत कोणालाही दिला नाही. रस्त्याला लागून जीप मिळेपर्यंत काळूचा जीव गेला होता. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. तेव्हा महादू तिथून उठला आणि पायी ठाण्यात आला. मी त्या वेळी ठाण्यातच होते. अंगातला शर्ट रक्ताने भरलेला. बाकावर बसला आणि म्हणाला, "मी काळूला मारला. माना आत बसवा." इकडच्या बोलीत माना म्हणजे मला.

"कशावरून झालं?" मी विचारलं.

"झालं."

त्यापुढे तो बोलला नाही. साहेबांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, पुढे न्यायाधीशांनीही विचारलं. सगळ्यांना तेच उत्तर.

फिर्याद बुधीबायची घेतली. ती दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती. लिहिणाऱ्याने विचारलं, कोणी मारलं? ती म्हणाली, महादूने. कशाने? मुसळाने. तुम्ही पाहिलं? पाहिलं. एवढं लिहून तिचा अंगठा घेतला. त्या अवस्थेत तिला आणखी काय विचारणार, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं असेल. मंगलने जबाबात सांगितलं की ती चुलीपाशी पडली होती, तिने काही पाहिलं नाही. तिची मान सुजलेली होती. रडून रडून सुजली असेल असं कोणीतरी म्हणालं.

कायद्यात माणूस मारण्याच्या दोन पायऱ्या आहेत. जीव घ्यायचाच म्हणून मारलं तर तो खून, आणि त्याला फाशी किंवा जन्मठेप. पण अचानक भांडण उसळलं, कोणाला वाचवायला गेला आणि हात जास्त पडला, जीव घ्यायचं मनात नव्हतं, तर तो सदोष मनुष्यवध. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद होते, कमीही होते. मुसळ तेच, डोकं तेच, मेलेला माणूसही तोच. फरक पडतो तो आधी काय घडलं त्याने. आणि आधी काय घडलं ते आमच्या कागदात नव्हतं. महादूवर खुनाचं कलम लागलं. जामीन झाला नाही आणि त्याची रवानगी ठाणे शहरातल्या तुरुंगात झाली.

खटला सत्र न्यायालयात उभा राहायला जवळजवळ तीन वर्षं गेली. साक्षीचं समन्स घेऊन मी पाड्यावर गेले तर घराला कुडाचं दार ओढून घेतलेलं. शेजारच्याने सांगितलं, सासू-सून भट्टीवर गेल्या, भिवंडीकडे. मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेले. भट्टी सापडायला दुपार झाली. बुधीबाय झोपडीच्या सावलीत बसली होती आणि मंगल चिखल तुडवत होती. तारा ओळीने मांडलेल्या कच्च्या विटा एकेक करून उलटत होती.

मी मंगलला म्हटलं, "तारा शाळेत नाही?"

तिने पाय न थांबवता सावलीतल्या म्हातारीकडे मान वळवली. "घरात पुरुष नाय, बाय. डोकरीला एकटं टाकता येत नाय, सुट्टीत पोरीला एकटं टाकता येत नाय. मग सगळीच आलो."

पोरीने भट्टीवर जायचं की शाळेत, यावरून त्या घरात भांडण झालं होतं एवढं पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मी समन्स दिलं, सही-अंगठा घेतला. निघताना बुधीबायने विचारलं, "महादू कसा हाय?"

ज्या माणसाने पोराला मारलं त्याची चौकशी ती करत होती, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

"बरा आहे. वाळलाय."

"त्याला खोकला व्हायचा थंडीत," ती म्हणाली आणि आत गेली.

तारखेच्या दिवशी मी दोघींना घेऊन कोर्टात गेले. सरकारी वकील भला माणूस होता, पण त्याच्यापुढे एका दिवसाला पाच-सहा खटले असायचे. साक्षीआधी त्याने बुधीबायला तिची फिर्याद वाचून दाखवली. म्हातारीने मान तिरकी करून सगळी ऐकली.

"एवढंच हाय?" तिने विचारलं.

"एवढंच तर तुम्ही सांगितलंत, आजी."

"एवढंच इचारलं."

वकिलाला पुकारा झाला म्हणून तो आत गेला. बुधीबाय माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, "आजी, जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. बाकी काही नाही." साक्षीदाराला काय बोल ते सांगायचं नसतं, खरं बोल एवढंच सांगायचं असतं.

"खरं बोललं तर महादूला काय होईल?"

"ते न्यायाधीश ठरवतील."

"आणि मंगलला?"

हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

साक्षीदारांनी एकमेकांची साक्ष ऐकू नये म्हणून दुसऱ्याला बाहेर बसवतात. मंगल बाहेर बाकावर बसली आणि मी बुधीबायला धरून आत नेलं. महादू आरोपीच्या जागी उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने मान खाली घातली.

शपथ झाली. सरकारी वकिलाने विचारलं, "मयताला तुम्ही ओळखता का?"

"कोणाला?"

"मयताला. मयत काळू."

कोर्टात मेलेल्या माणसाला मयतच म्हणतात. मी हजारदा तो शब्द ऐकला असेल. त्या दिवशी तो म्हातारीला दोनदा ऐकावा लागला. ती म्हणाली, "वळखते. माझ्या पोटचा हाय."

मग फिर्यादीतलं सगळं तिने सांगितलं. महादूने मुसळ घातलं, तिने पाहिलं. वकील खाली बसला. सरकारच्या बाजूने काम झालं होतं.

महादूला वकील सरकारी मदतीतून मिळालेला, तरुण. त्याच्या हातात काहीच नव्हतं, कारण महादू त्याच्याशी बोलतच नसे. तो उठला आणि अंदाजानेच त्याने विचारलं, "आजी, महादूने मारायच्या आधी काळू काय करत होता?"

महादूने एकदम मान वर केली आणि जोरजोरात नकाराची हलवली. न्यायाधीशांनी त्याला नीट उभं राहायला सांगितलं. बुधीबायने पिंजऱ्याचा कठडा धरला होता. टायपिस्टची बोटं थांबून राहिली.

"आजी, घाबरू नका. सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"तो मंगलला मारीत होता," ती म्हणाली. "खाली पाडली होती. मानेवर पाय दिला होता. तिचे डोळे वर गेले. मी त्याचा पाय धरला तर त्याने मला ढकलली. मग मी महादूला हाक मारली. तो खळ्यावर होता. मी वरडले, महादू धाव, हा पोरीला मारून टाकतो. तो आला. त्याच्या हाताला मुसळ लागलं." टायपिस्टकडे बघून ती म्हणाली, "हाक मी मारली. हे बी लिव."

न्यायाधीशांनी ते टायपिस्टला शांतपणे सांगितलं. साक्षीदाराने आरोपीस मदतीसाठी हाक मारली. आरोपी त्या हाकेवरून घरात आला. एवढ्या दोन ओळी झाल्या.

सरकारी वकिलाने उठून परवानगी मागितली आणि विचारलं, "हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

"माझा पोऱ्या दवाखान्यात फळीवर पडला होता. त्याला काय नावं ठेवू?"

सरकारी वकील पुन्हा खाली बसला.

तिला बसायला सांगितलं आणि मंगलला आत बोलावलं. आत काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं. तरुण वकिलाने तिलाही तोच प्रश्न केला. तिने आधी सासूकडे पाहिलं. बुधीबायने तिला नुसतं "सांग" म्हटलं. न्यायाधीशांनी म्हातारीला गप्प बसायला सांगितलं, पण तेवढ्याने मंगल बोलायला लागली. पाय, मान, आश्रमशाळा, सगळं. नंतर तिने सांगितलं की झोळी नेतानाच महादूने तिला बजावलं होतं. काळूचं वाईट बोलू नको, तुला त्याच घरात राहायचं हाय, डोकरीने हाकललं तर पोरीला घेऊन कुठं जाशील. आणि डोकरीने हाक मारली हे तर कोणालाच सांगू नको, ती त्या विचारानं मरेल. तीन वर्षं तो तुरुंगात गप्प बसला होता तो यासाठी.

वकिलाने निर्दोष सोडण्यासाठी पुष्कळ प्रयत्न केला. न्यायाधीशांनी म्हटलं की आरोपी बहिणीला वाचवायला गेला हे खरं, पण डोक्यात मुसळ न घालताही काळूला आवरता आलं असतं. खुनाचं कलम गेलं. सदोष मनुष्यवध लागला आणि सात वर्षं सक्तमजुरी झाली. आधीची तीन वर्षं त्यातून वजा होणार होती. महादूने हात जोडले. पोलीस त्याला नेत असताना त्याने मला एवढंच विचारलं, "डोकरी घरी कशी जाणार?"

मीच दोघींना घेऊन निघाले. जव्हारच्या स्टँडवर आम्ही पुढच्या जीपची वाट बघत बसलो. मंगल पाणी आणायला गेली तेव्हा बुधीबाय मला म्हणाली, "महादूला सात वर्षं. हाक मारली त्याला किती?"

"त्याला शिक्षा नसते, आजी. ते गुन्ह्यात येत नाही."

"नाय ना," ती म्हणाली. "मग ते संपायचं कधी?"

कलमांचे पाढे मला पाठ होते हे मी वर लिहिलं आहे. त्यांतला एकही तिथे चालला नाही. जीप आली तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "महादूला निरोप दे. मी खरं ते बोलले. पण सुटला तरी माझ्या दारात येऊ नको म्हणावं. त्याचं तोंड माना बघवायचं नाय."

तो निरोप मी दिला. तुरुंगात दुसऱ्या एका आरोपीच्या कामाला गेले होते, तेव्हा महादूला भेटले आणि शब्द न बदलता सांगितला. तो म्हणाला, "बरोबर हाय तिचं."

पाड्यावर बुधीबायला त्रास झाला. आईने भर कोर्टात मेलेल्या पोराची बदनामी केली, असं काळूचे चुलते म्हणू लागले. लग्नाकार्यात तिला बोलावणं बंद झालं. ती कोणाशी भांडली नाही. पुढच्या दिवाळीनंतर ती भट्टीवर गेली नाही. तारा आश्रमशाळेत जाणार आणि सुट्टीत घरी येणार, तर घरी कोणीतरी हवं, म्हणून मागे राहिली. मंगल एकटीच भट्टीवर गेली. तारा वर्गात सगळ्यांत मोठी होती, पोरं तिला हसायची. तरी ती दहावी झाली. पुढे शिकली नाही.

महादू सुटला तो साखरशेतला आला. लग्न केलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात तो बैल घेऊन बहिणीच्या शेतावर आला, चिखलणी केली, मंगलबरोबर भाताची आवणी केली आणि घराकडे न बघता परत गेला. भाकरीसुद्धा स्वतःची आणली होती. शेत घरासमोरच आहे. तो शेतात असेपर्यंत बुधीबाय दार लावून आत बसायची. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी त्या बाजूला कामाला गेले की मंगल हे सांगायची. एकदा मी बुधीबायला विचारलं, "आजी, आता काय राहिलंय?" ती म्हणाली, "त्याला बघितलं की मला काळू बी दिसतो. दोघं नदीवरनं संगं यायचे."

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मंगलचा फोन आला. डोकरी गेली होती. मी जीपने जमेल तिथपर्यंत गेले आणि पुढे चालत. मी पोचले तेव्हा तिला उचलायची तयारी चालली होती. काळूचे चुलतेही आले होते. मंगल आणि तारा दारात बसल्या होत्या. आणि समोरच्या शेताच्या बांधावर महादू उभा होता. इरलं नाही, छत्री नाही, चांगला भिजला होता.

मी बांधावर गेले. केस पिकले होते त्याचे. मी म्हटलं, "महादू, चल आता. ती गेली. आता तुला कोण अडवणार?"

"तिनं नको म्हणलं होतं, बाय."

"अरे, ते तेव्हा."

तिरडी दारातून निघाली आणि ओढ्याकडच्या वाटेने गेली. तो हात जोडून तिथेच उभा होता. लोक झाडीआड दिसेनासे झाले तशी मंगल उठली आणि बांधापर्यंत आली. तिने भावाचा हात धरला आणि ओढला. त्याने तो सोडवून घेतला, हळूच, तिला लागणार नाही असा.

"दार उघडं हाय अजून. मी असलो की ती लावून घ्यायची," तो म्हणाला. "तू जा. लोकं परत येतील, पाणी तापव."

ती गेली. महादूने धोतर वर खोचलं, खाली वाकला आणि बांध फुटून पाणी वाहून चाललं होतं तिथे हाताने चिखल लावायला लागला. मी चपला काढल्या आणि त्याला चिखल उचलून देऊ लागले.